गेटची चावी : इंटरनेटबंदीच्या हुकुमाचे बीडमधून एक वाचन

२०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस बीड जिल्ह्यावर दोन हुकूम एकाच वेळी लागू होते. ३० तारखेला, सोमवारी, माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटवले गेले, नगरपरिषदेच्या इमारतीला आग लावली गेली आणि दिवस मावळेपर्यंत हे लोण बीड शहरात पोचले. मग जिल्हाधिकाऱ्यांनी संचारबंदी लावली. हा पहिला हुकूम. दुसरा हुकूम इंटरनेट बंद करण्याचा. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा तो सर्वांत तापलेला आठवडा होता. पुढच्या दोन-तीन दिवसांत जालना जिल्ह्यात आणि छत्रपती संभाजीनगरच्या ग्रामीण तालुक्यांतही तशीच बंदी आली. चार महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०२४ रोजी, या तिन्ही जिल्ह्यांत ती पुन्हा आली.

या दोन हुकुमांची घडण वेगळी आहे. संचारबंदी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाखाली लागली. असा हुकूम माणसांना उद्देशून असतो : घराबाहेर पडू नका, जमू नका, मोडाल तर गुन्हा दाखल होईल. ज्याने तो पाळायचा त्याला तो कळवावाच लागतो, म्हणून तो भोंग्यावरून पुकारला जातो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात येतो. इंटरनेटबंदीचा हुकूम माणसांना उद्देशून नसतो. तो मंत्रालयातल्या गृह विभागातून निघतो आणि मोबाइल कंपन्यांकडे जातो. लोकांनी तो पाळण्याचा प्रश्नच नसतो, कारण मोडण्याची सोयच उरलेली नसते. लाखो माणसांच्या रोजच्या व्यवहारावर पडणाऱ्या या मजकुराचा अधिकृत वाचक मुंबईतला एखादा कंपनी अधिकारी असतो.

कोणताही मजकूर वाचताना आपण साहित्याचे वाचक काही प्रश्न सवयीने विचारतो. बोलतो कोण, कुणाशी बोलतो, काय गाळतो? कायद्याच्या मजकुराला हे प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. तो वकिलांचा प्रांत मानला जातो. प्रस्तुत लेखात मी ते विचारणार आहे, कारण इंटरनेटचा कारभार कोण करतो याचे उत्तर मला मोठमोठ्या परिषदांच्या ठरावांपेक्षा या रुक्ष कागदांत जास्त स्वच्छ दिसले.

त्याआधी एक आमच्या बोलीतली गोष्ट. मोबाइल चालेनासा झाला की बीडमध्ये म्हणतात, 'रेंज गेली'. जशी 'लाईट गेली', तशीच. हे 'जाणे' पाऊस जातो, ताप जातो, त्या जातीचे आहे. त्याला कर्ता नाही. भारनियमनाचे वेळापत्रक कार्यालयात टांगलेले असले, तरी माणूस 'त्यांनी लाईट घालवली' असे म्हणत नाही, 'लाईट गेली' असेच म्हणतो. टॉवरची बॅटरी उतरली, रस्ता खोदताना केबल तुटली, रिचार्ज संपले, की गृह विभागाने सही केली, या सगळ्यांचे वर्णन एकाच वाक्यात होते. आठवड्यातून चारदा रेंज जाणाऱ्या गावात पाचव्यांदा ती सरकारने घालवली आहे हे कळायचे कसे? जिथे जोडणीच ठिसूळ, तिथे तोडणी लपून जाते. शहरातल्या माणसाला बंदी लगेच जाणवते. आष्टी-पाटोद्याच्या डोंगरकुशीतल्या वस्तीला ती दुसऱ्या दिवशी, बाजाराच्या गावी गेल्यावर कळते. त्यात मोबाइलच्या लहरींना जिल्ह्याची शीव कळत नाही. शिवेवरच्या गावाला पलीकडच्या जिल्ह्याचा टॉवर लागला, तर एका वाड्यात बंदी आणि शेजारच्या वाड्यात चालू, असाही प्रकार होऊ शकतो.

आता कागदाकडे वळू. या बंदीचे मूळ १८८५ च्या भारतीय तार कायद्यात आहे. त्या साली बीड निजामाच्या राज्यात होते आणि इंग्रजांचे कायदे करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आमचा मुलूख असण्याचे कारण नव्हते. त्या कायद्याच्या पाचव्या कलमाने सरकारला सार्वजनिक आणीबाणीच्या प्रसंगी किंवा लोकसुरक्षेसाठी तारा ताब्यात घेण्याचा, संदेश अडवण्याचा आणि उघडून पाहण्याचा अधिकार दिला. आणीबाणी आहे की नाही अशी शंका निघाली, तर सरकारचेच प्रमाणपत्र हा अखेरचा पुरावा. राज्यकर्त्याची इतकी मोकळी भाषा नंतरच्या कायद्यांत कमी आढळते. आम्ही म्हणतो म्हणून संकट आहे, एवढाच तिचा अर्थ.

स्वतंत्र भारताने हे कलम पुसले नाही. १९७२ च्या दुरुस्तीने त्याला कारणांची यादी आणि कारणे लेखी नोंदवण्याची अट जोडली. पण 'सार्वजनिक आणीबाणी' आणि 'लोकसुरक्षा' हे दोन शब्द जसेच्या तसे राहिले आणि त्यांची व्याख्या कायद्यात कुठेच नव्हती. न्यायालयांना ती हळूहळू करावी लागली. हुकमचंद श्यामलाल या प्रकरणात काही व्यापाऱ्यांचे टेलिफोन सट्ट्यासाठी वापरले जातात म्हणून तोडले होते. सर्वोच्च न्यायालयाने सरकारला विचारले की सट्टा ही सार्वजनिक आणीबाणी कशी? निकाल १९७५ च्या डिसेंबरातला. देशभर मोठी आणीबाणी चालू असताना न्यायालय या छोट्या आणीबाणीचा अर्थ काटेकोरपणे लावत होते, हा इतिहासाचा एक विनोदच. पुढे १९९६ च्या अखेरीस टेलिफोनवरील संभाषण चोरून ऐकण्याच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की हे दोन्ही प्रसंग गुप्त असू शकत नाहीत. सामान्य समजेच्या माणसाला ते दिसले पाहिजेत.

सट्ट्याची ही गोष्ट जुनी झाली असे वाटत असेल, तर २६ सप्टेंबर २०२१ चा राजस्थान आठवावा. शिक्षक पात्रता परीक्षेत कॉपी होऊ नये म्हणून तिथे जिल्हेच्या जिल्हे इंटरनेटविना ठेवले गेले. हत्यार एकदा हाताशी असले की प्रसंग त्याच्या मापाचा बेतला जातो.

इंटरनेट आले तरी बराच काळ त्यासाठी वेगळे नियम नव्हते. १४४ व्या कलमाखाली जिल्हा दंडाधिकारीच ते बंद करत. ७ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राने तार कायद्याखाली दूरसंचार सेवा तात्पुरत्या बंद ठेवण्याचे नियम काढले. दोनच पानांच्या आसपासचा हा मजकूर मी अनेकदा वाचला आहे. हुकूम केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवाने काढावा. अगदीच अपरिहार्य असेल तर सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने काढावा, पण त्याला २४ तासांत वरची मान्यता मिळाली पाहिजे, नाहीतर तो रद्द. हुकूम पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने कंपनीला पोचवावा. पाच कामाच्या दिवसांत मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो तपासावा.

वरकरणी शिस्तबद्ध मजकूर. पण त्यात पात्रे मोजली, तर सचिव आहेत, अधीक्षक आहेत, कंपनी आहे, समिती आहे. फोन हातात धरलेला माणूस कुठेच नाही. त्याला कळवावे असे एकही कलम नाही. आणि समितीच्या पाच दिवसांचा हिशेब लावून पाहा. बंदी बहुतेकदा दिवसाची, दोन दिवसांची असते. समिती बसेपर्यंत हुकूम आपले काम करून संपलेला असतो. ती तपासते ते एका मेलेल्या कागदाला. समितीत मुख्य सचिव, विधी खात्याचा सचिव आणि आणखी एक सचिव. म्हणजे सचिवाच्या हुकुमाची तपासणी सचिवांकडूनच. बाहेरचा माणूस एकही नाही.

काश्मीरमध्ये ऑगस्ट २०१९ पासून लागू झालेल्या बंदीमुळे हे सारे प्रथमच देशापुढे आले. 'काश्मीर टाइम्स'च्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बंदीचे हुकूम प्रसिद्ध केले पाहिजेत, ते गरजेच्या प्रमाणातच असले पाहिजेत, बेमुदत असता कामा नयेत आणि इंटरनेटवरून बोलण्याचे व व्यवसाय करण्याचे स्वातंत्र्य घटनेने संरक्षित आहे. निकालाचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र इंटरनेट मिळणे हाच मूलभूत हक्क आहे का, या प्रश्नात न्यायालय शिरले नाही. तसा मुद्दा आपल्यासमोर मांडलाच गेला नाही, असे त्याने नोंदवले. म्हणजे जोडणी मिळालेल्याचे बोलणे तोडण्याला मर्यादा आल्या. ज्याला जोडणीच मिळालेली नाही, त्याच्याबद्दल निकाल गप्प आहे. आणि ज्या काश्मीरसाठी याचिका होती, तिथे वेगवान मोबाइल इंटरनेट पूर्ववत व्हायला ५ फेब्रुवारी २०२१ उजाडला.

त्यानंतर दोन गोष्टी झाल्या. २०२० च्या नोव्हेंबरात एका हुकुमाला १५ दिवसांची कमाल मर्यादा आली. २०२३ च्या डिसेंबरात नवा दूरसंचार कायदा झाला आणि २२ नोव्हेंबर २०२४ रोजी त्याखाली बंदीचे नवे नियम आले. हुकूम प्रसिद्ध करणे, त्यात कारणे व क्षेत्र नमूद करणे हे आता नियमातच आहे. तेवढे पाऊल पुढे पडले, हे मान्य केले पाहिजे. पण १८८५ चे ते दोन शब्द नव्या कायद्याच्या विसाव्या कलमात पुन्हा तसेच येऊन बसले आहेत. तारा गेल्या, तारयंत्रे गेली, तार खात्याने २०१३ मध्ये शेवटची तार पाठवली. शब्द मात्र राहिले.

आणि हिशेब? डिसेंबर २०२१ मध्ये शशी थरूर यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या स्थायी समितीने जो अहवाल दिला, त्यातून निघालेली बाब थक्क करणारी आहे. देशात किती वेळा इंटरनेट बंद झाले याची नोंद दूरसंचार खात्याकडेही नाही आणि गृह मंत्रालयाकडेही नाही. पोलीस आणि सुव्यवस्था हा राज्यांचा विषय, असे उत्तर. जी काही मोजदाद होते ती स्वयंसेवी संस्था वर्तमानपत्रांतल्या बातम्या जुळवून करतात. 'ॲक्सेस नाऊ' या संस्थेच्या मोजणीत २०१८ ते २०२३ अशी सलग सहा वर्षे भारत जगात पहिला होता. पाझर तलावाच्या प्रत्येक दगडाचे माप पुस्तकात लिहून ठेवणाऱ्या आपल्या प्रशासनाला ही नोंद ठेवता येत नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. ती ठेवायची नाही, एवढेच.

सरकारची बाजू पोकळ आहे असे मी म्हणणार नाही. माजलगावच्या आगीआधी एक ध्वनिफीत फोनाफोनी पसरली होती आणि तिने लोक भडकले, असे सगळ्या बातम्यांत आले आहे. मोबाइलवरून पसरलेल्या अफवेची किंमत महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिली आहे. मुले पळवणारी टोळी समजून जमावाने तिथे पाच भिक्षेकऱ्यांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, मंगळवेढ्याकडची माणसे होती ती. अशा वेळी कळ दाबावीशी वाटणाऱ्या अधिकाऱ्याची घालमेल समजू शकते. पण बीडमध्ये क्रम काय होता? आधी आग, मग बंदी. आणि अफवा खोडून काढायची तर तीही त्याच वाटेने खोडावी लागते. वाट बंद झाली की उरतो तो ऐकीव शब्द, आणि त्याला कुणी आवर घालू शकत नाही. बंदीने शांतता येते की नुसती शांतता दिसते, याचा अभ्यास व्हावा असे त्याच स्थायी समितीने सुचवले होते.

त्या आठवड्यात बीडमध्ये आणखी काय चालू होते, हे मुंबईतल्या टेबलावरून दिसणे कठीण आहे. २०२३-२४ चा गाळप हंगाम १ नोव्हेंबरला सुरू व्हायचा होता. म्हणजे बंदी आली ती ऊसतोड टोळ्या निघायच्या ऐन दिवसांत. बीडमधून दरवर्षी लाखो माणसे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि कर्नाटकातल्या कारखान्यांकडे जातात. कोयता ठरतो उन्हाळ्या-पावसाळ्यात, उचल आधीच घेतलेली असते, पण कोणत्या दिवशी, कोणत्या गाडीने, कोणत्या थळात जायचे हे शेवटच्या चार दिवसांत ठरते. हे सारे आता मुकादमाच्या फोनवर चालते. बोलणे चालू होते, हे खरे. आवाजाचे फोन बंद नव्हते. पण गाडीचा नंबर, यादीचा फोटो, ज्या खात्यावर उरलेली उचल यायची त्याचा निरोप हे आवाजाच्या फोनवर येत नाही. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. आईबाप कोप्यात आणि पोर आजीकडे, या घराला संध्याकाळचा दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल म्हणजे काय असतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना 'मनोरंजनाचे साधन थोडा वेळ बंद' हे वाक्य उच्चारता येणार नाही.

रोजगार हमीचे पाहा. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या मराठवाड्याला हजेरीपट म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. त्या अनुभवातून राज्याने १९७७ मध्ये कायदा केला. आज केंद्राच्या योजनेत ती हजेरी मोबाइलवर लागते. १ जानेवारी २०२३ पासून सगळ्या कामांवर दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो ॲपवर चढवणे सक्तीचे झाले. रेंज नसेल तर फोटो आधी काढून नंतर चढवण्याची सोय आहे, पण रेंज नसलेल्या ठिकाणाहून रेंज असलेल्या ठिकाणी येणे ही त्यातली कल्पना आहे. जिल्हाच रेंजबाहेर असेल तेव्हा कुठे यायचे? स्वस्त धान्य दुकानातले यंत्र अंगठा घेते तेही जोडणीवरच. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून ॲपवर. तलाठ्याच्या वहीत चुकीची नोंद व्हायची ही तक्रार होती आणि शेतकऱ्याने स्वतः पीक नोंदवावे हा विचार चांगलाच होता. पण वही बंद पडत नव्हती.

यात सर्वांत टोकदार उदाहरण पीक विम्याचे. २०२३ च्या खरिपात राज्याने १ रुपयात विमा दिला. त्या वेळच्या योजनेत स्थानिक आपत्तीने किंवा काढणीनंतर शेतात पसरलेल्या पिकाचे पावसाने नुकसान झाले, तर ७२ तासांच्या आत कळवणे बंधनकारक होते. कळवायचे ॲपवर, टोल फ्री क्रमांकावर किंवा कार्यालयात जाऊन. आता दोन्ही घड्याळे शेजारी ठेवून पाहा. एका कागदात शेतकऱ्याला ७२ तास दिले आहेत. दुसऱ्या कागदात त्यातले २४ किंवा ४८ तास काढून घेण्याची सोय आहे. ॲप बंद, रस्त्यावर संचारबंदी, उरला टोल फ्री क्रमांक. हे दोन कागद एकमेकांना ओळखत नाहीत. २०१७ च्या नियमांत नाही, २०२४ च्या नियमांत नाही, की बंदी असेल तेवढ्या काळाने नागरिकाच्या मुदती पुढे सरकतील. सचिवाला किती तास, समितीला किती दिवस, हे सगळे मोजले आहे. गेलेले तास नागरिकाच्या खात्यातून वजा होतात आणि त्यांची नोंद कुठेच राहत नाही.

तोडणीचा वेग पाहिल्यावर जोडणीचाही पाहायला हवा. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणारी केंद्राची योजना २५ ऑक्टोबर २०११ रोजी मंजूर झाली. अडीच लाख ग्रामपंचायती, सुमारे २०,००० कोटी रुपये, मुदत दोन वर्षे. २०१५ मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. त्यासाठी २०१२ मध्ये स्थापन केलेली स्वतंत्र कंपनी पुढे भारत संचार निगममध्ये विलीन झाली. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याला महानेट हे नाव मिळाले. ऑगस्ट २०२३ मध्ये, म्हणजे बीडच्या बंदीच्या तीन महिने आधी, सुधारित योजनेसाठी १,३९,५७९ कोटी मंजूर झाले. नाव बदलले की मुदतीचे घड्याळ पुन्हा शून्यावर येते. बारा वर्षांत या वाटेवर किती हात लागले : केंद्राचे खाते, राज्याची यंत्रणा, ठेकेदार, रस्त्यांचे खाते, ग्रामपंचायत, महावितरण. तंतू पोचला तरी कचेरीत वीज हवी, बॅटरी हवी, दार उघडणारा माणूस हवा. यांतला कुणीही अडला तर जोडणी अडते आणि दोष कुणाचाच नसतो. तोडायला मात्र एक सही पुरते. यासाठीचा पैसा येतो तो दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातल्या ५ टक्के वाट्यातून, म्हणजे शेवटी आपल्या रिचार्जमधून. रिचार्ज ठाण्यातलाही आणि शिरूर कासारमधलाही.

या जोडणीवर कुणाकुणाचा डोळा होता, त्याचा एक मजकूर मला नेहमी आठवतो. २०१५ च्या डिसेंबरात फेसबुकचे मार्क झुकेरबर्ग यांनी 'टाइम्स ऑफ इंडिया'त लेख लिहून आपल्या 'फ्री बेसिक्स' योजनेची भलामण केली. काही ठरावीक संकेतस्थळे फुकट, बाकीच्या इंटरनेटला पैसे. लेखात महाराष्ट्रातला एक शेतकरी येतो. त्याला नुसते पहिले नाव आहे. तो हवामान पाहतो, बाजारभाव पाहतो आणि नव्या पिकात, जनावरांत पैसे घालतो. कथा म्हणून वाचली तर हे पात्र पाच मिनिटेही उभे राहत नाही. त्याला गाव नाही, तालुका नाही, पीक कोणते तेही नाही, विहिरीला पाणी आहे का, सावकार आहे का, काहीच नाही. त्याला इंटरनेट दिले जाते, तो ते मागत नाही आणि काय दिले जावे हे ठरवत तर नाहीच. नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाचे दर नाकारून ही योजना अडवली, त्याआधी दहा लाखांहून अधिक नागरिकांनी त्याला पत्रे पाठवली होती. भारतातल्या इंटरनेटच्या कारभारात सामान्य वापरणाऱ्याचा आवाज निर्णायक ठरल्याचा तो दुर्मीळ प्रसंग. पण ती पत्रे ई-मेलने गेली होती. ज्याच्या नावाने वाद चालला होता त्या बिनगावाच्या शेतकऱ्याला त्यात भाग घ्यायचा, तर आधी जोडणी हवी होती.

आमच्याकडे कारभाराचा दुसरा एक नमुना आहे आणि तो आदर्श मुळीच नाही. पैठणचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावच्या धरणाकडे येतो. कालव्याच्या पाण्याला १९७६ चा पाटबंधारे कायदा आहे. आवर्तन कधी सुटणार याची जाहीर सूचना निघते, सात नंबरचा अर्ज भरला जातो, कालवा सल्लागार समितीत लोकप्रतिनिधी भांडतात. २००५ च्या कायद्याने पाणीवापर संस्थांना हिशेबाने पाणी घेऊन आपल्यात वाटण्याचा हक्क दिला. एवढे असून टेलच्या शेतकऱ्याला पाणी मिळत नाही, वरचे लोक रात्री चाऱ्या फोडतात, हे सगळे मी जाणतो. पण टेलच्या शेतकऱ्याला एक गोष्ट माहीत असते : गेट कुठे आहे आणि चावी कुणाकडे आहे. तो पाटकऱ्याशी भांडतो, उपअभियंत्याच्या कचेरीपुढे बसतो. पाणी आले नाही तर तो 'पाणी गेले' म्हणत नाही, 'पाणी सोडले नाही' म्हणतो. कर्ता त्याच्या वाक्यात आहे. इंटरनेटच्या बाबतीत आमच्याकडे ना सल्लागार समिती, ना पाणीवापर संस्थेसारखे काही. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर समुद्राखालच्या केबल उतरतात, तिथून पुढे कंपन्यांचे जाळे, आणि अगदी शेवटी, टेलला, आपण.

जगाच्या पातळीवर या कारभाराची चर्चा मोठ्या गांभीर्याने चालते. २००५ मध्ये ट्युनिसच्या परिषदेने ठरवले की इंटरनेटचा कारभार सरकारे, खासगी उद्योग आणि नागरी समाज यांनी आपापल्या भूमिकेत मिळून करायचा. त्यातून निघालेल्या जागतिक मंचाची बैठक डिसेंबर २००८ मध्ये हैदराबादला भरली. सूत्र होते, सर्वांसाठी इंटरनेट. आमच्या आजोबांच्या पिढीची राजधानी ती. तिथून बीडकडे फर्माने येत. पत्त्यांची जागतिक यादी सांभाळणाऱ्या 'आयकॅन' संस्थेवरची अमेरिकी सरकारची देखरेख १ ऑक्टोबर २०१६ रोजी संपली आणि पुढच्याच महिन्यात तिचीही सभा हैदराबादलाच झाली. मुळावर हक्क कुणाचा, हा वाद महत्त्वाचा आहेच. पण बीडच्या फोनपर्यंत येणारी वाट वॉशिंग्टनने कधी बंद केली नाही. ती बंद झाली मुंबईहून, आणि त्या निर्णयात ट्युनिसच्या तीन भागीदारांपैकी दोनच होते. सरकारने हुकूम दिला, कंपनीने पाळला. तिसऱ्याला रेंज नव्हती.

म्हणून मागणी करायची ती भव्य असू नये असे मला वाटते. इंटरनेट हा मूलभूत हक्क जाहीर करा, हे व्यासपीठावरून म्हणायला सोपे आहे. केरळ उच्च न्यायालयाने १९ सप्टेंबर २०१९ रोजी, वसतिगृहातल्या फोनबंदीविरुद्ध गेलेल्या एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर, त्या दिशेने चांगले पाऊल टाकलेही आहे. पण बीडच्या दृष्टीने दोन साध्या गोष्टी आधी हव्यात. बंदीचा हुकूम संचारबंदीसारखा मराठीत, भोंग्यावरून, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर कळला पाहिजे. 'प्रसिद्ध करणे' याचा अर्थ संकेतस्थळावर टाकणे असा घेतला, तर बंद पडलेल्या इंटरनेटवर बंदीची बातमी, असा चमत्कार होतो. केंद्राचे राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघते. पण हुकूम राज्याचा गृह विभाग काढतो आणि या राज्याची राजभाषा १९६५ पासून मराठी आहे.

दुसरी गोष्ट मुदतीची, आणि तिच्यासाठी तर नवे तत्त्वही शोधायला नको. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे दहावे कलम सांगते की एखादी गोष्ट न्यायालयात किंवा कचेरीत ठरावीक दिवसापर्यंत करायची असेल आणि त्या शेवटच्या दिवशी कचेरी बंद असेल, तर ती उघडेल त्या दिवशी केलेली गोष्ट मुदतीतच धरावी. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातही दाव्यांसाठी हेच आहे. कुलूप सरकारने लावले, तर दाराशी आलेल्याला उशिरा आला म्हणू नये, इतका हा जुना आणि साधा न्याय. गेल्या पंधरा वर्षांत विम्याची, पीक पाहणीची, हजेरीची, दाखल्यांची कचेरी सरकारनेच मोबाइलमध्ये हलवली आहे. तेव्हा ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी बीड जिल्ह्यातल्या या साऱ्या कचेऱ्या बंद होत्या की उघड्या, हे कुणीतरी अर्ज करून विचारले पाहिजे. उत्तर 'बंद' आले तर दहावे कलम लागू होते. 'उघड्या' आले, तर त्या कोणत्या दाराने उघड्या होत्या ते अधिकाऱ्याला लेखी द्यावे लागेल.